थंडी-पावसात घर बंद. कुत्र्याला ठेवावे कोठे?

डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या रात्री मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमारा चौकात उतरले, तर थंडी किती आहे हे सांगण्यास तापमापकाची गरज पडत नाही. मालमोटारींच्या चालकांनी शेकून सोडून दिलेल्या शेकोट्या विझत आलेल्या असतात आणि त्यांच्या कोमट राखेत अंगाचे वेटोळे करून, शेपूट नाकावर ओढून चौकातील कुत्री निजलेली असतात. पावसाळ्यात हीच कुत्री एखाद्या बंद दुकानाच्या फळीखाली किंवा उभ्या वाहनाच्या आडोशाला सापडतात. कोणाचीही नसलेली ही जनावरे आपली जागा स्वतः शोधतात. ती जागा पसंत पडली नाही, तर उठून दुसरीकडे जातात.

पाळलेल्या कुत्र्याला मात्र ही मुभा नसते. मालक जेथे बांधेल तेथे त्याने बसायचे, जेथे कोंडेल तेथे राहायचे. घरातील सारी माणसे बाहेर पडली आणि मागाहून पाऊस वळला किंवा गारठा वाढला, तर साखळीच्या लांबीएवढेच जग त्याच्या वाट्याला येते. म्हणूनच 'कुत्र्याला कोठे ठेवून जावे' हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. कोहमारासारख्या जंगलालगतच्या गावात तर तो कुत्र्याच्या जिवाचाच प्रश्न ठरू शकतो.

घर रिकामे केव्हा असते?

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे हमरस्त्यावरील नाक्याचे गाव आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. उत्तरेस गोरेगावमार्गे गोंदियाला व दक्षिणेस नवेगावबांधकडे जाणारे रस्तेही येथेच फुटतात. एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव आणि भोवताली भाताच्या बांध्या असा हा मुलूख. वर्षाकाठी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो.

या भागात घर ओस पडण्याचे हंगाम ठरलेले आहेत. पहिला जुलै-ऑगस्टमधील रोवणीचा. घरातील धडधाकट माणसे सकाळीच बांधीत उतरतात आणि दिवेलागणीला परततात. नेमका हाच काळ संततधार पावसाचा असतो. दुसरा हंगाम दिवाळीनंतरचा. गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार होते आणि रात्री उशिरा सुरू झालेले झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. कुटुंबेच्या कुटुंबे नातलगांच्या गावी मुक्कामाला जातात आणि मागे कुत्रा राहतो, तो थंडीच्या रात्री. याखेरीज डिसेंबर ते फेब्रुवारीत अधूनमधून येणारा अवकाळी पाऊस आणि गारपीट आहेच. थंडी आणि ओल एकाच वेळी येतात, ते हेच दिवस.

शहरी वाचकांची स्थिती फारशी वेगळी नाही. नागपूर, पुणे वा मुंबईत नवरा-बायको दोघेही नोकरीला आणि मुले शाळेत, म्हणजे आठ-दहा तास घराला कुलूप. सुट्टीत गावाकडे जावे, तर कुत्र्याचे काय करायचे, हा पेच तेथेही पडतोच. विदर्भ म्हणजे केवळ ऊन, असा बाहेरच्यांचा समज असला तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. गोंदियाचा पाराही थंडीच्या लाटेत एक आकडी होतो.

थंडीपेक्षा ओल वाईट

'त्याला अंगभर केस आहेत, त्याला कसली थंडी?' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान माणसापेक्षा थोडे अधिक, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते टिकविण्यासाठी केसांच्या थरात अडकलेली हवा रजईसारखी उपयोगी पडते. केस भिजले की ही हवा निघून जाते आणि रजईचा गुण संपतो. वर ओल वाळताना अंगातील उष्णता ओढून घेते. त्यात वारा असेल, तर हा ऱ्हास आणखी वाढतो. म्हणूनच कोरड्या जागी १० अंशांत सुखाने निजणारा कुत्रा १५ अंशांच्या पावसाळी रात्री भिजून कुडकुडताना दिसतो.

सर्वच कुत्र्यांची सहनशक्ती सारखी नसते. हस्की वा सेंट बर्नार्डसारख्या जातींना दुहेरी केसांचे आवरण असते. आपला गावठी कुत्रा, त्याचप्रमाणे कारवानी, मुधोळ, डॉबरमन, पग यांचे केस आखूड असतात. कारवानी व मुधोळ यांच्या अंगावर चरबीही बेताचीच असते. लहान चणीच्या कुत्र्याचे अंग वजनाच्या मानाने अधिक उघडे पडते, त्यामुळे तो लवकर गारठतो. पिलांना जन्मानंतरचे पहिले काही आठवडे स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. म्हाताऱ्या, सांधेदुखीने त्रस्त, नुकत्याच व्यालेल्या, आजारी किंवा हडकुळ्या कुत्र्यांनाही विशेष जपावे लागते. अशा कुत्र्यांना पारा ७ अंशांच्या आसपास उतरल्यावर उघड्यावर ठेवणे धोक्याचे समजावे. भिजलेल्या कुत्र्यासाठी ही मर्यादा याहून बरीच वर आहे, हे लक्षात असू द्यावे.

पहिली पसंती घराच्या आत

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर सर्वांत साधे आहे. कुत्र्याला घरात ठेवावे. संपूर्ण घर मोकळे ठेवणे शक्य नसेल, तर एक खोली किंवा स्वयंपाकघराबाहेरील बोळ त्याच्यासाठी ठरवावा. खोली अशी निवडावी, की जिला थेट वाऱ्याची खिडकी नाही, छत गळत नाही आणि थोडाफार उजेड येतो. विजेच्या उघड्या तारा, उंदरांचे विष, फिनेलच्या बाटल्या, खतांची व कीटकनाशकांची पोती त्या खोलीत असू नयेत. शेतकऱ्याच्या घरी ही शेवटची गोष्ट विसरली जाण्याचा संभव अधिक असतो.

खरी काळजी जमिनीची घ्यावयाची. फरशी आणि सिमेंटचा कोबा रात्रभर अंगातील ऊब शोषून घेतात. त्यामुळे अंथरूण जमिनीला टेकलेले नसावे. लाकडी फळ्या, जुनी खाट किंवा चार विटांवर ठेवलेला पाट यांवर दोन पदरी गोणपाट घालावे व त्यावर जुनी सतरंजी अंथरावी. सारवलेली जमीन फरशीपेक्षा कमी गार लागते. परंतु पावसाळ्यात तिला ओल येते, त्यामुळे तेथेही फळीची गरज आहेच.

पाण्याचे भांडे जड व पसरट बुडाचे असावे. अंथरुणापाशी ते लवंडले, तर सारी मेहनत वाया जाते. निघण्यापूर्वी एक-दोन तास आधी जेवण द्यावे आणि कुत्र्याला बाहेर फिरवून आणावे. पोट भरलेले व विधी आटोपलेला कुत्रा बहुधा झोपूनच वेळ काढतो. प्रौढ कुत्र्याला चार ते सहा तास एकटे राहण्यात अडचण नसते, आठ तास ही मर्यादा मानावी. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला दोन-तीन तासांहून अधिक काळ एकटे सोडू नये. रात्रभर वा दिवसभर बाहेर राहावयाचे असेल, तर मध्यंतरी कोणीतरी येऊन पाहील, अशी व्यवस्था करावीच लागते.

कुत्रा भिजून आलेला असेल, तर त्याला तसाच कोंडून निघून जाऊ नये. जाडसर कापडाने अंग, पोटाची खालची बाजू, कानांच्या कडा आणि पायांच्या बोटांमधील फटी कोरड्या कराव्यात. गारठ्याच्या दिवशी घर सोडण्यापूर्वी अंघोळ घालणे टाळावे आणि थंडी सरेपर्यंत अंगावरील केस बारीक कापू नयेत. अंगात घातलेला स्वेटर सोबतीला माणूस असताना ठीक. एकट्या कुत्र्याच्या अंगावर तो ठेवू नये. तो कोठेतरी अडकतो, कुत्रा तो चावून गिळतो आणि भिजला तर स्वेटरच गारठ्याचे कारण होतो.

ओसरी, छपरी आणि गोठा

सर्वच घरांत कुत्र्याला आत घेण्याची रीत नसते. अशा वेळी ओसरी किंवा छपरी हा दुसरा पर्याय. मात्र छप्पर असणे आणि आडोसा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वरून पाऊस न लागणाऱ्या ओसरीवरही तिरक्या झडीने सारी जमीन भिजते. म्हणून ओसरीचा असा कोपरा निवडावा, ज्याला दोन बाजूंनी भिंत आहे. तिसरी बाजू फळी किंवा तट्ट्याने बंद करावी. प्लास्टिकची ताडपत्री लावल्यास ती घट्ट बांधलेली असावी. वाऱ्याने फडफडणाऱ्या ताडपत्रीच्या आवाजाने कुत्रा बिथरतो आणि रात्रभर झोपत नाही.

गोठ्यात, इकडच्या बोलीत कोठ्यात, जनावरांच्या अंगाची ऊब असते आणि तणसही हाताशी असते. त्यामुळे पुष्कळ घरी कुत्र्याची सोय तेथेच होते. त्यातील उणिवाही ध्यानी घ्याव्यात. गोठ्याची जमीन मुताने ओली राहते, त्या वासाने डोळ्यांची व श्वासाची तक्रार होते. जनावराची लाथ बसते. गोचिडांचा प्रादुर्भाव होऊन त्यांच्यामार्फत रक्तातील तापाचे आजार जडतात. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही ओल्या जागी तग धरतात आणि कोरड्या जागी लवकर मरतात. हा रोग कुत्र्याकडून माणसाकडे येऊ शकतो, हे विसरू नये. म्हणून गोठ्यातच ठेवावयाचे असेल, तर जनावरांच्या दावणीपासून दूर, उंचवट्यावर आणि कोरड्या कोपऱ्यात जागा करावी व लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

तणस की गोधडी?

अंथरुणासाठी गोधडी उत्तम, असे आपल्याला सहज वाटते. घराच्या आत, कोरड्या खोलीत ते खरेही आहे. बाहेरच्या जागेत मात्र भाताचे कोरडे तणस गोधडीपेक्षा सरस ठरते. कापड ओल शोषून धरून ठेवते आणि गारठ्याचा गोळा होऊन बसते. तणसाच्या काड्यांमधून पाणी निथळून जाते, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि कुत्र्याला त्यात खड्डा करून अंग पुरून बसता येते. भातपट्ट्यातील माणसाला हे फुकट मिळणारे पांघरूण आहे. शहरात गवताचा वाळलेला पेंढा मिळाल्यास तोही चालतो.

मात्र तणस बुरशी लागलेले, काळे पडलेले किंवा कुबट वासाचे नसावे. पावसाळ्यात ते आठवड्यातून एकदा तरी बदलावे आणि बदलताना काठीने उलथून मगच हात घालावा. कोरडी, उबदार जागा जशी कुत्र्याला हवी असते, तशीच ती विंचवाला आणि मण्यारीलाही हवी असते. त्याच कारणाने कुत्र्याचे अंथरूण तणसाच्या गंजीला लागून करू नये.

अंगणातील कुत्र्याचे घर

अंगणात स्वतंत्र घर करावयाचे असल्यास ते मोठे असावे, हा समज चुकीचा आहे. कुत्र्याला उभे राहता यावे, गोल फिरून वळता यावे आणि पाय पसरून पडता यावे, एवढीच त्याची लांबी-रुंदी असावी. त्याच्या अंगाची ऊबच आतील हवा तापविते. घर जितके मोठे, तितकी ही ऊब विरळ होते.

घराचा तळ जमिनीपासून किमान चार ते सहा इंच वर असावा. मुसळधार पावसात अंगणात पाणी साचत असेल, तर त्याहून अधिक. छप्पर मागील बाजूस उतरते आणि दारावर पुढे आलेले असावे. नुसता पत्रा थंडीत बर्फासारखा गार पडतो आणि आतून त्याला दव सुटते; पत्र्याखाली फळी किंवा तट्ट्याचा थर द्यावा. कवेलूचे छप्पर या बाबतीत चांगले. दार कोणत्या दिशेस असावे, याचे उत्तर या भागातील वाऱ्यात आहे. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून आणि हिवाळ्यातील बोचरा वारा उत्तरेकडून येतो. म्हणजे दार पूर्वेस किंवा आग्नेयेस ठेवल्यास दोन्हींपासून बचाव होतो आणि सकाळचे ऊनही आत येते. दार मधोमध न ठेवता एका कडेला ठेवले, तर कुत्र्याला वाऱ्याच्या झोतापासून दूर कोपऱ्यात सरकता येते. दारावर गोणपाटाचा पडदा सोडावा; तो भिजला की बदलावा.

जंगलाच्या कडेचा धोका

आतापर्यंतची चर्चा थंडी-पावसापुरती झाली. कोहमारा परिसरात तेवढ्याने भागत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरला असून त्याचे गाभा क्षेत्र ६५३ चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. या दोन जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातूनच महामार्ग आणि गोंदियाकडील रस्ता जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक वाघ मृत्युमुखी पडला, यावरून येथील वन्यप्राण्यांच्या वावराची कल्पना यावी.

कुत्र्याला खरे भय आहे ते बिबट्याचे. कुत्रा हे बिबट्याचे सहज हाती लागणारे भक्ष्य आहे. अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारातील सुमारे ८७ टक्के भाग पाळीव व गावात वावरणाऱ्या प्राण्यांचा असल्याचे आढळले. एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के होता. उसाच्या पट्ट्यातील हे आकडे जसेच्या तसे झाडीपट्टीला लावता येणार नाहीत. परंतु जंगलालगतच्या अंगणात रात्री साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी बांधून ठेवलेले सावज होय, एवढे त्यावरून निश्चित समजावे. त्याला पळता येत नाही, लपता येत नाही. उघड्या दाराचे लाकडी घरही अशा वेळी आसरा न राहता पिंजरा बनते. शिवाय एकदा भक्ष्य मिळालेल्या अंगणात बिबट्या पुन्हा फिरकण्याचा संभव असतो आणि त्या अंगणात घरातील मुलेही वावरत असतात.

म्हणून वनालगतच्या गावांत सूर्यास्तानंतर कुत्रा एकटा राहणार असेल, तर त्याची जागा कडीबंद असलीच पाहिजे. घरातील खोली शक्य नसल्यास पक्क्या भिंतीची, वरून झाकलेली आणि लोखंडी जाळीच्या दाराची बंदिस्त जागा करावी. कुंपण कितीही उंच असले तरी वरून उघडे असेल, तर ते बिबट्याला अडवीत नाही. गावात बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

'मग मोकळाच सोडून जावे, तो आपली काळजी घेईल', असा विचार काही जण करतात. महामार्गाच्या काठी हा पर्याय सर्वांत वाईट. पावसात आणि धुक्यात चालकाला कुत्रा दिसत नाही आणि कुत्र्याला मालमोटारीच्या वेगाचा अंदाज येत नाही. मोकळा कुत्रा जंगलात शिरला, तर चितळांच्या पाडसांमागे लागतो आणि रेबीज व डिस्टेंपरसारखे रोग रानकुत्र्यांपर्यंत व मार्जारवर्गापर्यंत नेऊ शकतो. २०१८ मध्ये गुजरातेतील गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. नागझिरा हे रानकुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले जंगल आहे. आपल्या कुत्र्याला लस टोचणे आणि बंदिस्त ठेवणे, यात त्या जंगलाचेही हित आहे.

या जागा टाळाव्यात

बंद मोटार : उन्हाळ्यात ती भट्टी होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. हिवाळ्यात तीच मोटार रात्री शीतकपाट बनते. इंजिन सुरू ठेवून कुत्र्याला आत सोडणे तर विषारी वायूमुळे प्राणघातक ठरू शकते.

गच्ची आणि बाल्कनी : सदनिकांत कुत्र्याला बाल्कनीत ठेवून कामावर जाण्याची पद्धत रूढ आहे. तिरका पाऊस, गार फरशी आणि चार मजल्यांवरील वारा यांपासून तेथे सुटका नसते. आत येण्याचे दार उघडे असेल, तरच बाल्कनीचा विचार करावा.

न्हाणीघर : धुण्यास सोपे म्हणून न्हाणीघर निवडले जाते. ओली फरशी व कोंदट हवा यांमुळे ते कुत्र्यासाठी घरातील सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे.

इमारतीचे तळघर : अतिवृष्टीत सर्वांत आधी पाणी शिरते ते येथे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईकरांनी पाण्याचा वेग अनुभवला आहे. बांधलेल्या जनावराला अशा वेळी सुटकेचा मार्ग राहत नाही.

शेगडीजवळ : ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून जाणे म्हणजे कुत्र्याचा जीव धोक्यात घालणे होय. कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. विजेचा हीटर वा तणसावर टांगलेला बल्बही नको. आग लागण्यास एक ठिणगी पुरे होते. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवावी, पण चावण्याची सवय असलेल्या कुत्र्याजवळ तीही ठेवू नये.

दुसऱ्याच्या हवाली करताना

मुक्काम एका रात्रीहून अधिक असेल, तर कुत्र्याला एकटे ठेवण्याचा विचारच करू नये. खेड्यात शेजारधर्म अजून शाबूत आहे. शेजाऱ्याने दोन वेळा भाकर घालणे, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. तो अंथरूण कोरडे आहे का पाहील, रात्री कडी लावील आणि पाऊस आत येऊ लागल्यास जागा बदलील, हे स्पष्ट सांगून ठेवावे. शक्यतो ज्याला कुत्रा ओळखतो, अशाच माणसाकडे ही जबाबदारी द्यावी आणि जाण्यापूर्वी एक दिवस त्याच्या हातून खाऊ घालून पाहावे.

शहरांत आता कुत्र्यांना सांभाळणारी वसतिगृहे निघाली आहेत. तेथे पैसे भरण्यापूर्वी एकदा, आणि तेही पाऊस सुरू असताना, जागा प्रत्यक्ष पाहून यावी. जमीन कोरडी आहे काय, कुत्र्यांना स्वतंत्र कप्पे आहेत काय, रात्री माणूस मुक्कामास असतो काय आणि पशुवैद्यक किती अंतरावर आहे, हे चार प्रश्न विचारावेत. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसीचा दाखला न मागता कुत्रा ठेवून घेणारे वसतिगृह टाळलेले बरे. जे तुमच्या कुत्र्याचा दाखला पाहत नाहीत, ते इतरांचाही पाहत नसणार. एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये खोकल्याची साथ लवकर पसरते.

परतल्यावर कुत्रा गारठलेला आढळल्यास

सुरुवातीस कुत्रा थरथरतो, अंग चोरतो, हालचाल मंद होते. थरथर थांबली आणि कुत्रा सुस्त पडला, तर बरे वाटू लागले असे समजू नये. शरीराची उष्णता निर्माण करण्याची शक्ती संपत आल्याचे ते लक्षण असते. हिरड्या पांढुरक्या पडतात, श्वास मंदावतो, पाय ताठरतात. गुदद्वारातील तापमान ३७ अंशांच्या खाली गेले असल्यास तातडीने उपाय करावेत.

प्रथम त्याला कोरड्या, वारा नसलेल्या खोलीत आणावे आणि हलक्या हाताने टिपून कोरडे करावे. कोमट केलेल्या चादरीत किंवा घोंगडीत गुंडाळावे. सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छाती व पोटालगत ठेवाव्यात. उघड्या आगीजवळ नेऊ नये, कढत पाण्याने अंघोळ घालू नये आणि पाय जोरजोराने चोळू नयेत. कुत्रा शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तरच थोडे कोमट साखरपाणी द्यावे. दारू पाजल्याने ऊब येते, हा समज घातक आहे. माणसांची पॅरासिटामॉल वा आयब्रुफेनची गोळीही देऊ नये. ती कुत्र्याला विषासमान ठरू शकते. त्याच वेळी पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा शुल्कमुक्त क्रमांक आहे.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, मालकाने आपल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा गुन्हा आहे. अवाजवी काळ किंवा अवाजवी आखूड साखळीने बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्याची हयगय करणे, यांचाही त्यात समावेश आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्याने ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच होता, यावरून त्याचा धाक किती असेल, हे सांगावयास नको. थोडक्यात, ही जबाबदारी कायद्यापेक्षा मालकाच्या मनावरच अधिक सोपविलेली आहे.

कुलूप लावण्यापूर्वी

घराबाहेर पडताना पुढील गोष्टी एकदा मनाशी ताडून पाहाव्यात. कुत्र्याचे अंग कोरडे आहे. अंथरूण जमिनीपासून वर आहे आणि हाताला ओल लागत नाही. पाऊस कोणत्याही बाजूने आला, वारा कोणत्याही दिशेने फिरला, तरी एक कोपरा कोरडा राहील. पाणी आहे, खाणे झाले आहे. जवळपास विष, आग वा उघडी तार नाही. गळ्यात पट्टा असून त्यावर संपर्काचा क्रमांक लिहिलेला आहे. अंधार पडण्यापूर्वी परत येणे होणार नसेल, तर दाराला कडी आहे आणि किल्ली शेजाऱ्याकडे आहे.

एक सोपी कसोटीही आहे. कुत्र्यासाठी निवडलेल्या जागेवर स्वतः अनवाणी, दहा मिनिटे बसून पाहावे. तळव्याला गारवा, पाठीला वारा किंवा अंगाला ओल जाणवली, तर ती जागा त्याच्यासाठीही योग्य नाही. दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबत आपण कुत्र्याला स्थान दिले आहे. घराची राखण करण्यासाठी त्याला मागे ठेवून जाताना, त्याची राखण कोण करणार, याचा विचार घराला कुलूप घालण्याआधीच व्हावयास हवा.